सहा वर्षांच्या स्टॉर्मीचं कोलेस्टेरॉल हजारावर होतं. औषधं नेमकी कुठे अडतात ते तिच्यामुळे जगाला पटलं

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट आला की घरात सगळे आधी टोटल कोलेस्टेरॉलचा आकडा बघतात. २०० च्या आत असेल तर निवांत. २४० दिसला की दुसऱ्या दिवसापासून वडापाव बंद आणि सकाळचं चालणं सुरू. ३०० च्या पुढे गेला तर घरातलं वातावरणच बदलतं.

आता असा विचार करा की हा आकडा १००० च्या वर आहे. आणि रिपोर्टवर वयाच्या रकान्यात लिहिलंय, ६ वर्षं.

ही गोष्ट खरी आहे. त्या मुलीचं नाव स्टॉर्मी जोन्स. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या पेपरांत आणि टीव्हीवर तिचं नाव गाजत होतं, कारण एकाच ऑपरेशनमध्ये नवं हृदय आणि नवं लिव्हर मिळालेली ती जगातली पहिली पेशंट होती. पण तिची ओळख तेवढ्यावर संपत नाही. आज कोलेस्टेरॉलसाठी एकाच्या जोडीला दुसरी गोळी का दिली जाते, आणि काही पेशंटवर त्या दोन्ही गोळ्या का चालत नाहीत, हे समजून घ्यायचं असेल तर स्टॉर्मीची गोष्ट माहीत असायलाच हवी.

कातडीवरच्या पिवळ्या गाठी

स्टॉर्मीचा जन्म ३० मे १९७७ चा. घर टेक्सास राज्यातल्या कम्बी नावाच्या लहानशा गावात. लहान असतानाच तिच्या कातडीवर गाठी यायला लागल्या. दिसायला चामखिळीसारख्या, रंगाने पिवळसर. प्रत्यक्षात त्या चामखीळ नव्हत्या. रक्तात मावत नाही इतकं कोलेस्टेरॉल झालं की ते कातडीखाली आणि स्नायूंच्या दोऱ्यांवर साचायला लागतं, त्या या गाठी.

जे बाहेर कातडीवर दिसत होतं, तेच आत हृदयाच्या रक्तवाहिन्यांमध्ये चालू होतं. साठीतल्या माणसाच्या रक्तवाहिन्या जशा चोंदतात तशा या चिमुरडीच्या चोंदल्या होत्या. शाळेत जायच्या वयात तिच्या हृदयावर बायपास करावी लागली, हृदयाची झडप बदलावी लागली. तरीही हृदय साथ देईना.

यात तिच्या खाण्यापिण्याचा दोष नव्हता. तिला फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया नावाचा आजार होता. नाव लांबलचक आहे, अर्थ साधा आहे: घराण्यातून आलेलं जास्तीचं कोलेस्टेरॉल. नॉर्वेचे डॉक्टर कार्ल म्युलर यांनी १९३० च्या दशकातच दाखवून दिलं होतं की कातडीवरच्या अशा गाठी, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि तरुणपणी येणारे हार्ट अटॅक या तिन्ही गोष्टी काही घराण्यांमध्ये एकत्र चालत येतात.

प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. या आजारात बहुतेकांची एकच प्रत बिघडलेली असते. अशा लोकांचं कोलेस्टेरॉल साधारण दुप्पट असतं आणि उपचार झाले नाहीत तर तिशी-चाळिशीतच हार्ट अटॅक गाठतो. पण आई आणि वडील दोघांकडेही एकेक बिघडलेली प्रत असेल, तर एखाद्या मुलाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या प्रती येऊ शकतात. असं फार क्वचित होतं. स्टॉर्मीच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं.

डलासमधले दोन डॉक्टर आणि लिव्हरची दारं

डलास शहरातल्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासच्या मेडिकल सेंटरमध्ये मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन हे दोन डॉक्टर या एकाच आजाराच्या मागे लागलेले होते. १९७३-७४ च्या सुमारास त्यांनी अशा पेशंटच्या कातडीतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि आजाराचं मूळ शोधून काढलं.

त्यांचं म्हणणं सोप्या भाषेत असं. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांना एलडीएल म्हणतात. पेशींच्या अंगावर हे कण आत ओढून घेणारी दारं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. दार उघडं असेल तर एलडीएल आत जातं आणि रक्त साफ राहतं. दारच नसेल तर कण रक्तातच फिरत राहतात आणि शेवटी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जाऊन बसतात. शरीरात अशी सगळ्यात जास्त दारं असतात ती लिव्हरमध्ये.

स्टॉर्मीच्या पेशींचीही तपासणी झाली. आईकडून आलेल्या जीनपासून दार तयारच होत नव्हतं. वडिलांकडून आलेल्या जीनपासून अर्धवट दार तयार व्हायचं, पण ते पेशीच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत पोहोचायचंच नाही. म्हणजे दोन्हीचा उपयोग शून्य.

मग औषधं का दिली नाहीत?

औषधं होती. आणि नेमकं त्याच काळात औषधांच्या जोड्या लावून बघायचं काम जोरात सुरू होतं.

जुनं औषध म्हणजे कोलेस्टिरामिन आणि कोलेस्टिपॉलसारख्या पावडरी. पाण्यात कालवून प्यायच्या. त्या आतड्यात पित्ताला धरून ठेवतात आणि शौचावाटे बाहेर काढतात. नवं पित्त बनवायला लिव्हरला कोलेस्टेरॉल लागतं, म्हणून लिव्हर आपली दारं वाढवतं आणि रक्तातलं एलडीएल आत ओढतं. जानेवारी १९८४ मध्ये, म्हणजे स्टॉर्मीच्या ऑपरेशनच्या महिनाभर आधी, अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल लागला. जास्त कोलेस्टेरॉल असलेल्या ३,८०६ पुरुषांवर सात वर्षांहून जास्त काळ कोलेस्टिरामिन तपासलं गेलं होतं. औषध घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक आणि त्यातून होणारे मृत्यू १९ टक्क्यांनी कमी निघाले. कोलेस्टेरॉल उतरवलं तर हृदय वाचतं, याचा एवढा ठोस पुरावा पहिल्यांदाच हाती आला होता.

पण या पावडरीची एक अडचण होती. लिव्हर हुशार असतं. कोलेस्टेरॉल कमी पडतंय म्हटल्यावर ते दारं तर वाढवतंच, पण स्वतःच्या आत नवं कोलेस्टेरॉल बनवायलाही लागतं. त्यामुळे अर्धा फायदा तिथेच वाया जातो.

इथे दुसरं औषध कामाला आलं. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतून कॉम्पॅक्टिन नावाचा पदार्थ शोधला होता. स्टॅटिन या औषधांच्या घराण्यातला हा पहिला पदार्थ. स्टॅटिन लिव्हरमधला कोलेस्टेरॉल बनवण्याचा कारखानाच मंद करतं. पावडरीने पित्त बाहेर काढायचं आणि स्टॅटिनने आतला कारखाना रोखायचा, असं दोन्ही बाजूंनी झालं की लिव्हरपुढे एकच मार्ग उरतो, भरपूर दारं उघडायची आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घ्यायचं. १९८३ मध्ये जपानमधल्या आणि डलासमधल्या संशोधकांनी घराण्यातून आलेलं कोलेस्टेरॉल असलेल्या लोकांना ही जोडी देऊन पाहिली. एकट्या औषधापेक्षा जोडीचा परिणाम मोठा निघाला.

मग स्टॉर्मीचं काय?

इथेच सगळं अडलं. ही दोन्ही औषधं लिव्हरला दारं वाढवायला लावतात. ज्याची एक प्रत चांगली आहे, त्याचं लिव्हर त्या एका प्रतीवरून जास्त दारं बनवू शकतं. स्टॉर्मीकडे चांगली प्रत एकही नव्हती. दार बनवायचा नकाशाच फाटलेला असेल तर सुताराला कितीही घाई केली तरी दार बनणार नाही. एक औषध द्या, दोन द्या, नाहीतर तीन, तिच्या शरीरात त्यांना धरायला जागाच नव्हती.

व्हॅलेंटाइन डेचं ऑपरेशन

पिट्सबर्गमध्ये तेव्हा डॉ. थॉमस स्टार्झल होते. १९६७ मध्ये माणसातलं लिव्हर ट्रान्सप्लांट पहिल्यांदा यशस्वी करणारे सर्जन ते हेच. आणि हा आजार त्यांना नवा नव्हता. १९७३ मध्ये त्यांनी याच आजाराच्या एका मुलीच्या पोटातली रक्तवाहिनी वळवून, रक्त लिव्हरला बगल देऊन नेण्याचं ऑपरेशन केलं होतं आणि तिचं कोलेस्टेरॉल खाली आलेलं पाहिलं होतं.

स्टॉर्मीसमोरचा पेच असा होता. नुसतं हृदय बदललं तर नव्या हृदयाच्या रक्तवाहिन्याही त्याच रक्ताने काही वर्षांत चोंदल्या असत्या. नुसतं लिव्हर बदलायला जावं, तर तिचं थकलेलं हृदय एवढं मोठं ऑपरेशन सोसण्याच्या स्थितीत नव्हतं. म्हणजे बदलायचं तर दोन्ही, आणि तेही एकाच वेळी. असं आधी कोणी केलेलं नव्हतं.

यात आणखी एक विचित्र गोष्ट होती. तिचं लिव्हर एरवी ठणठणीत होतं. पचन, पित्त, सगळं व्यवस्थित. ते काढायचं ते केवळ त्यावर एक प्रकारची दारं नव्हती म्हणून.

१४ फेब्रुवारी १९८४. पिट्सबर्गच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये साधारण सोळा तास ऑपरेशन चाललं. हृदयाचे सर्जन वेगळे, लिव्हरचे वेगळे. दोन्ही अवयव एकाच बालकाचे होते. एका घरावर कोसळलेल्या दुःखातून दुसऱ्या घरातली मुलगी जगणार होती. दिवस व्हॅलेंटाइन डेचा असल्यामुळे हृदय मिळालेल्या मुलीची ही बातमी अमेरिकाभर पसरली. स्टॉर्मी तेव्हा पावणेसात वर्षांची होती.

आकडा कोसळला

ऑपरेशननंतर डलासच्या टीमने तिच्या रक्ताचा हिशेब मांडला. नुसतं एलडीएल धरलं तर ऑपरेशनआधी ते ९८८ होतं. नव्या लिव्हरनंतर ते १८४ वर आलं, म्हणजे ८१ टक्क्यांची घट. टोटल कोलेस्टेरॉल हजाराच्या वरून पहिल्या दहा आठवड्यांत २७० च्या आसपास उतरलं.

डॉक्टर एवढ्यावर थांबले नाहीत. एलडीएलच्या कणांना किरणोत्सारी खूण लावून ते रक्तातून किती वेगाने बाहेर पडतात हेही त्यांनी ऑपरेशनच्या आधी आणि नंतर मोजलं. हा वेग अडीच पट झाला होता. मुलगी तीच, तिचे जीन तेच, बाकीच्या पेशीही त्याच. बदललं होतं ते हृदय आणि लिव्हर, आणि एलडीएल साफ करायचं मुख्य काम हृदयाचं नसतं. रक्तातलं कोलेस्टेरॉल प्रामुख्याने लिव्हरची दारं आवरतात, याचा माणसातला इतका थेट पुरावा तोपर्यंत नव्हता.

ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, नोबेल मिळालं. ते त्यांच्या आधीच्या दहा-बारा वर्षांच्या कामासाठी होतं. पण जे त्यांनी काचेच्या बशीतल्या पेशींमध्ये पाहिलं होतं, ते एका चालत्याबोलत्या मुलीच्या शरीरात खरं ठरलं होतं.

आणि मग गोळी चालली

खरी कमाल पुढे आहे. नव्या लिव्हरनंतरही तिचं कोलेस्टेरॉल तिच्या वयाच्या मानाने जास्तच होतं. शरीराच्या बाकी पेशींवर अजूनही दारं नव्हती, शिवाय ट्रान्सप्लांटनंतर आयुष्यभर घ्याव्या लागणाऱ्या औषधांमुळेही कोलेस्टेरॉल वाढू शकतं.

तेव्हा डॉक्टरांनी तिला लोव्हास्टॅटिन सुरू केलं. हे औषध तोपर्यंत बाजारात आलेलंही नव्हतं. अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली १९८७ मध्ये. ज्या प्रकारच्या औषधाचा तिच्या आधीच्या शरीरात उपयोग होण्याची शक्यता जवळपास नव्हती, तेच औषध आता लागू पडलं. तिचं कोलेस्टेरॉल चक्क नॉर्मल पातळीवर आलं. १९८६ मध्ये हा अनुभव वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आला.

यात पुढच्या सगळ्या उपचारांचं सूत्र आहे. स्टॅटिन स्वतः कोलेस्टेरॉल साफ करत नाही. ते लिव्हरला साफ करायला लावतं. दारं असतील तरच गोळी चालते.

अर्थात औषधं एकत्र देणं सोपं नसतं, हेही त्या काळात दिसून आलं. ट्रान्सप्लांट झालेल्या पेशंटना सायक्लोस्पोरिन घ्यावं लागतं, म्हणजे शरीर नवा अवयव झिडकारत नाही. हे औषध आणि लोव्हास्टॅटिन एकत्र आलं की लोव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि काही पेशंटच्या स्नायूंना गंभीर इजा होते, असं १९८० च्या दशकाच्या शेवटी समोर आलं. दोन चांगली औषधं एकत्र आली की परिणाम चांगलाच होईल असं नसतं. म्हणून प्रत्येक जोडी वेगळी तपासावी लागते.

सहा वर्षं आणि नऊ महिने

ऑपरेशनच्या वेळी स्टॉर्मीने जेवढं आयुष्य पाहिलं होतं, जवळपास तेवढंच तिला पुढे मिळालं. ती टेक्सासला परतली, शाळेत गेली, मोठी झाली. हॉस्पिटलच्या फेऱ्या आणि रोजच्या गोळ्या सुटल्या नाहीत, आणि टीव्हीचे कॅमेरेही तिचा पिच्छा सोडत नव्हते.

नंतर तिला हिपॅटायटिस झाला आणि जे लिव्हर तिचं आयुष्य झालं होतं तेच खराब झालं. फेब्रुवारी १९९० मध्ये तिच्यावर दुसऱ्यांदा लिव्हर ट्रान्सप्लांट करावं लागलं. त्यातूनही ती बाहेर आली. पण त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला पिट्सबर्गमध्ये ती गेली. वय १३. या वेळी कारण कोलेस्टेरॉल नव्हतं. सहा वर्षं धडधडलेलं ते हृदय तिच्या शरीराने अखेर झिडकारलं होतं.

तिच्यानंतर महिनाभराने

डिसेंबर १९९० मध्ये, म्हणजे स्टॉर्मी गेल्यानंतर जेमतेम महिन्याभराने, सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डॉ. जॉन केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. घराण्यातून आलेलं कोलेस्टेरॉल असलेले ७२ स्त्री-पुरुष त्यात होते. काहींना कोलेस्टिपॉल, नियासिन आणि लोव्हास्टॅटिन अशा औषधांची मिळून ट्रीटमेंट दिली गेली. बाकीच्यांवर त्या काळातले सौम्य उपचार झाले. २६ महिन्यांच्या आधी आणि नंतर सगळ्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढून अडथळे मोजले गेले.

ज्यांना औषधं एकत्र मिळाली, त्यांचं एलडीएल सरासरी २८३ वरून १७२ वर आलं. आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांमधले अडथळे वाढायचे थांबले, इतकंच नाही तर किंचित कमी झाले. दुसऱ्या गटात ते वाढतच राहिले. आकडे छोटे होते, पण अर्थ मोठा होता. जन्मापासून साचत आलेलं ओझं औषधांनी उतरू शकतं, हे दिसलं होतं.

तरी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. त्या ७२ जणांकडे जीनची एक तरी चांगली प्रत होती. स्टॉर्मीसारख्या मुलांचा प्रश्न या जोडीने सुटत नव्हता. त्यांच्यासाठी रक्त मशीनमधून फिरवून एलडीएल गाळून घेणं, नाहीतर लिव्हर बदलणं, एवढेच मार्ग होते. दाराची गरजच लागणार नाही अशी औषधं यायला बराच वेळ गेला. लोमिटापाइड २०१२ मध्ये आलं. ते लिव्हरला एलडीएलचा कच्चा माल रक्तात सोडूच देत नाही. एव्हिनाकुमॅब २०२१ मध्ये आलं. ते रिसेप्टर नसतानाही एलडीएल खाली आणतं. स्टॉर्मी जन्मली तेव्हा यातलं काहीच नव्हतं.

आज याचा आपल्याशी काय संबंध?

स्टॉर्मीसारखी दोन्ही प्रती बिघडलेली मुलं लाखोंमध्ये एखादं असतं. पण एक प्रत बिघडलेली माणसं जगात साधारण दर २५० मध्ये एक सापडतात. म्हणजे एखाद्या मोठ्या सोसायटीत किंवा शाळेत कोणीतरी असू शकतं. त्यातल्या बहुतेकांना याचा पत्ताही नसतो. माणूस सडपातळ असतो, चालतो-फिरतो, आणि चाळिशीत अचानक अटॅक येतो. मग लोक म्हणतात, कसलं व्यसन नव्हतं, तरी कसं झालं?

घरात वडील, काका, मामा, आई, मावशी यांच्यापैकी कोणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल, कोणाचं एलडीएल १९० च्या वर असेल, कोणाच्या टाचेमागच्या शिरेवर किंवा बोटांच्या सांध्यांवर गाठी असतील, तर डॉक्टरांना ते सांगायला हवं आणि मुलांचंही कोलेस्टेरॉल तपासायला हवं. आज स्टॅटिनच्या जोडीला एझेटिमाइब आणि गरज पडली तर पीसीएसके९ रोखणारी इंजेक्शनं देता येतात. कोणाला काय, किती आणि कशाच्या जोडीला द्यायचं, ते डॉक्टरच ठरवतात. त्यांना न विचारता गोळी वाढवायची नाही आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बंदही करायची नाही, कारण औषध थांबलं की बिघडलेला जीन पुन्हा आपलं काम दाखवतो.

कम्बी गावातल्या मुलीचे डॉक्टर तिच्यासाठी दारं शोधत पार लिव्हर बदलण्यापर्यंत गेले. बाकीच्या बहुतेकांच्या लिव्हरवर ती दारं आहेत, फक्त कमी आहेत. ती वेळेत उघडायची असतील तर सुरुवात एका साध्या रक्ततपासणीपासून होते.